नगेट्सचा दुय्यम संघ कुठे असावा: मिशिगनमध्ये की कोलोरॅडोत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: डेन्व्हर नगेट्सनी 2023 मध्ये एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद मिळवलं, संघात निकोला योकिचसारखा खेळाडू आहे, मग त्यांचा जी लीगमधला (एनबीएच्या खालच्या लीगमधला) दुय्यम संघ डेन्व्हरपासून सुमारे 1600 किलोमीटरवर, मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्समध्ये का? तो कोलोरॅडोत आणायचा झाला तर लव्हलँडला आणावा, कोलोरॅडो स्प्रिंग्जला की थेट डेन्व्हरमध्ये? प्रश्नातच एक मतही आहे, की जिथे प्रेक्षक जास्त मिळतील तिथे संघ न्यावा.

मी अमेरिकेत बरीच वर्षं अशाच खालच्या पातळीवरच्या संघांचं वेळापत्रक, अरीनांचे करार आणि प्रवास सांभाळतोय. त्यामुळे प्रेक्षकांच्या मुद्द्यापासून सुरुवात करणं मला पटत नाही. तो मुद्दा खरा आहे, पण तिसऱ्या क्रमांकाचा. पहिला मुद्दा खेळाडूचा दिवस कसा जातो हा, आणि दुसरा अरीनाच्या तारखा कोणाच्या हातात आहेत हा. हे दोन जुळले तर तीन हजार प्रेक्षकांतही संघ नीट चालतो. नाही जुळले तर दहा हजार खुर्च्यांचा उपयोग नसतो.

ज्यांना ही लीग नवी आहे त्यांच्यासाठी पार्श्वभूमी सांगतो. एनबीएने 2001 मध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागात आठ संघ घेऊन ही लीग सुरू केली. तेव्हा संघ लीगच्याच मालकीचे होते, आणि पुढे 2005 पासून एकेक दुय्यम संघ दोन-तीन मुख्य संघांमध्ये वाटलेला असायचा. 2006 मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सनी स्वतःच्या मालकीचा दुय्यम संघ काढला आणि चित्र बदलायला लागलं. 2017 मध्ये गेटोरेडच्या प्रायोजकत्वामुळे नाव जी लीग झालं. त्याच वर्षी टू-वे करार आले. म्हणजे एकच खेळाडू दोन्ही संघांचा, मुख्य संघाच्या पन्नासपर्यंत सामन्यांत उपलब्ध आणि बाकी वेळ दुय्यम संघात. सुरुवातीला असे दोन करार देता यायचे, 2023 पासून तीन देता येतात. 2024 मध्ये फिनिक्सचा व्हॅली सन्स हा संघ टेम्पीत उभा राहिला आणि तीसच्या तीस एनबीए संघांना आपापला दुय्यम संघ मिळाला.

हा टू-वे करारच सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे. मुख्य संघाच्या सकाळच्या सरावात एखाद्याचा घोटा मुरगळला, तर दुपारी फोन फिरतो: आपला तो मुलगा संध्याकाळी सातला गणवेशात असेल का? दुय्यम संघ तासाभराच्या अंतरावर असेल तर उत्तर हो. ग्रँड रॅपिड्सला असेल तर विमान गाठा, घड्याळ दोन तास मागे करा, आणि हिवाळ्यात ग्रेट लेक्सवर बर्फ पडत असेल तर उद्याचंच बोला. उलट दिशेने त्रास त्याहून जास्त. मुख्य संघाच्या बाकावर बसून सामना संपला, चार मिनिटंही खेळायला मिळालं नाही, तर त्या मुलाला दुसऱ्याच दिवशी दुय्यम संघातून पस्तीस मिनिटं खेळवावं अशी प्रशिक्षकाची इच्छा असते. जवळ असेल तर ते होतं. लांब असेल तर पाठवायचं की ठेवायचं यावर चर्चा होते, आणि बहुतेक वेळा ठेवायचं ठरतं. खेळाडू बसून राहतो.

टोरांटोने हे गणित सगळ्यात नीट मांडलं असं मला वाटतं. 2015 मध्ये त्यांनी शेजारच्या मिसिसॉगात रॅप्टर्स 905 काढला. 905 हा टोरांटोभोवतीच्या उपनगरांचा टेलिफोन कोड, म्हणजे नावातच पत्ता. पास्कल सियाकम आणि फ्रेड व्हॅनव्हलीट 2016-17 मध्ये दोन्हीकडे ये-जा करत होते. 2017 मध्ये 905 जी लीगचा विजेता झाला आणि सियाकम अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू. दोनच वर्षांनी, 2019 मध्ये, हे दोघे एनबीए जिंकणाऱ्या संघात होते. ती ये-जा विमानाने करावी लागली असती तर एवढी झाली नसती, एवढं मी या कामाच्या अनुभवावरून खात्रीने सांगतो.

जवळ असण्याचा आणखी एक फायदा बाहेरून फारसा दिसत नाही, तो म्हणजे दुखापतीतून परतणारे मोठे खेळाडू. डिसेंबर 2021 मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सचा क्ले थॉम्पसन त्यांच्या दुय्यम संघाबरोबर, सांताक्रूझ वॉरियर्सबरोबर, सराव करत होता. मुख्य संघ सामन्यांमागून सामने खेळत असताना पाच विरुद्ध पाच पूर्ण सराव होत नाही, आणि परतणाऱ्या खेळाडूला नेमका तोच हवा असतो. जानेवारीत तो मैदानात उतरला आणि जूनमध्ये वॉरियर्स विजेते झाले. 2017 मध्ये सॅन अँटोनिओने आपल्या टोनी पार्करला ऑस्टिनच्या दुय्यम संघात असंच पाठवलं होतं. दोन्ही जागा मुख्य संघापासून मोटारीने दीड-दोन तासांवर. कोट्यवधी डॉलरचा, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेला खेळाडू सरावासाठी विमानाने मिशिगनला पाठवायला कुठलाही डॉक्टर हो म्हणणार नाही.

डेन्व्हरच्या बाबतीत एक गोष्ट खास आहे, आणि या चर्चेत ती क्वचितच निघते: उंची. शहर समुद्रसपाटीपासून 1600 मीटरवर आहे. पाहुणे संघ तिसऱ्या-चौथ्या सत्रात धापा टाकायला लागतात, हा नगेट्सचा घरचा फायदा आहे. विरळ हवेत पहिले काही दिवस नाडी जलद चालते, झोप तुटक होते, धावून आल्यावर श्वास स्थिरावायला वेळ लागतो. शरीराला खरं जुळवून घ्यायला आठवडे जातात. आता ग्रँड रॅपिड्सची उंची दोनशे मीटरच्या आसपास. म्हणजे तिथून आणीबाणीत बोलावलेला नगेट्सचा स्वतःचाच खेळाडू पहिल्या रात्री पाहुण्यासारखा दमतो! जो फायदा तुम्हाला निसर्गाने दिलाय, तो तुम्ही आपल्याच बदली खेळाडूंसाठी सोडून देताय. मला तर संघ कोलोरॅडोत आणायला हे एक कारणही पुरेसं वाटतं.

तरी ग्रँड रॅपिड्सला नावं ठेवायची नाहीत. पेटन वॉटसन 2022-23 मध्ये तिथे बराच खेळला आणि पुढच्या हंगामात नगेट्सच्या नेहमीच्या फळीत आला. तिथली व्यवस्था चांगली आहे. 2021 पासून बास्केटबॉलची बाजू नगेट्स बघतात, म्हणजे प्रशिक्षक कोण, खेळायची पद्धत कोणती हे डेन्व्हरला ठरतं, आणि तिकिटं, जाहिराती, अरीना हे स्थानिक मालक सांभाळतात. अशी वाटणी पहिल्यांदा ह्यूस्टनने 2009 मध्ये टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रँड व्हॅलीत केली आणि त्या संघाने विजेतेपदांची रांग लावली. मायामीचं उदाहरण तर आणखी टोकाचं आहे. त्यांचा दुय्यम संघ 2013 पासून साउथ डकोटातल्या सू फॉल्सला आहे, अंतर जवळपास अडीच हजार किलोमीटर. तिथून डंकन रॉबिन्सनसारखा खेळाडू घडला, आणि 2016 ची ट्रॉफीही आली. तेव्हा लांब असलं की सगळं बिघडतंच असं नाही. तालीम एकसारखी असेल, माणसं आपली असतील, तर मुलं शिकतात. मात्र अशा ठिकाणी खेळाडू महिना-महिना ठेवावा लागतो, रोजची ये-जा विसरावी लागते. मायामीला ते चालतं, कारण त्यांची पद्धतच सावकाश घडवण्याची आहे. नगेट्सचं तसं नाही. योकिचच्या भरातल्या वर्षांत त्यांना बाकावरचा आठवा-नववा माणूस आज रात्री हवा असतो.

बाकीच्या संघांनी काय केलं ते पाहिलं तर कल स्पष्ट दिसतो. वॉरियर्सनी 2011 मध्ये नॉर्थ डकोटातला संघ घेतला आणि पुढच्याच वर्षी सांताक्रूझला आणला. युटाने बॉइझीहून सॉल्ट लेक सिटीत, ओक्लाहोमाने तुल्साहून ओक्लाहोमा सिटीत, सॅक्रामेंटोने रीनोहून स्टॉकटनला, क्लीव्हलँडने कँटनहून शहरात, इंडियानाने फोर्ट वेनहून आधी इंडियानापोलिसला आणि 2025 मध्ये शेजारच्या नोबल्सव्हिलला. खुद्द ग्रँड रॅपिड्सचा आधीचा संघ डेट्रॉइटचा होता. डेट्रॉइटने आपला दुय्यम संघ 2021 पासून स्वतःच्या शहरात खेळवायचं ठरवलं, म्हणूनच ती जागा नगेट्सना मिळाली. उलटी वाट धरणारा ठळक संघ क्लिपर्सचा. 2024 मध्ये ते कॅलिफोर्नियातलं ऑन्टारिओ सोडून लॉस एंजेलिसपासून आणखी लांब, सॅन दिएगोजवळच्या ओशनसाइडला गेले. तिथे नवाकोरा अरीना होता, आणि सॅन दिएगो हे 1978 ते 1984 त्यांचं स्वतःचं शहर होतं. एवढं सबळ कारण असेल तर लांब जायला माझी हरकत नाही. पण फिनिक्सने 2016 मध्ये प्रेस्कॉट व्हॅलीला संघ नेला तो धडाही लक्षात ठेवावा. नकाशावर दीडशे किलोमीटरच्या आत, पण डोंगर चढून जायचं छोटं गाव. चार वर्षांत संघ विकून टाकला.

आता तारखा. मराठी नाट्यनिर्मात्याला शिवाजी मंदिरची शनिवार-रविवारची तारीख मिळवताना काय करावं लागतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा मुद्दा वेगळा समजावायला नको. अमेरिकेतल्या मध्यम शहरांतले बहुतेक अरीना मुळात आइस हॉकीसाठी बांधलेले. हॉकीचा संघ पहिला भाडेकरू, शुक्रवार-शनिवार त्याचे. मोठ्या गायकांचे कार्यक्रम आले की मधले दिवसही जातात. बास्केटबॉलच्या पदरात मंगळवार-बुधवार पडतात, आणि शाळेच्या दिवशी रात्री कुटुंबं येत नाहीत. मग लोक म्हणतात गावाला बास्केटबॉलची आवडच नाही.

त्यात बर्फावर कोर्ट अंथरण्याचं काम. रात्री दहाला हॉकी संपते. काचा उतरवायच्या, बर्फावर उष्णतारोधक फळ्यांचा थर द्यायचा आणि त्यावर मेपल लाकडाचे चार फूट बाय आठ फूट तुकडे खाचेत खाच बसवत 94 बाय 50 फुटांचं कोर्ट उभं करायचं. तुकड्यांवर क्रमांक असतात, क्रम चुकला की अर्धी रांग उचलावी लागते. पहाटेपर्यंत माणसं राबतात आणि त्यांचा जादा पगार बहुतेक करारांत बास्केटबॉलच्या खात्यावर पडतो. एवढं करून दमट दिवशी सामानाचं मोठं दार उघडं राहिलं, तर खालच्या बर्फामुळे लाकडावर दव धरतं. हात फिरवला की तळवा ओला होतो. अशा कोर्टावर खेळवता येत नाही, आयत्या वेळी रद्द करावं लागतं. कोलोरॅडोची हवा कोरडी असल्याने दवाचा धोका कमी, पण रात्रपाळीचा खर्च तेवढाच.

या नजरेने कोलोरॅडोतल्या जागा बघू. सगळ्यात योग्य जागा हातची गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. डेन्व्हर आणि बोल्डरच्या मधल्या ब्रूमफील्डमध्ये 2006 साली अरीना उभा राहिला, नगेट्सच्या बॉल अरीनापासून पंचवीसेक किलोमीटरवर. तिथे कोलोरॅडो फोर्टीनर्स हा संघ 2006 ते 2009 खेळला. चौदा हजार फुटांवरची शिखरं ही कोलोरॅडोची शान, त्यावरून ते नाव. 2009 मध्ये हा संघ लीगचा विजेता झाला आणि लगेच विकला जाऊन डॅलसजवळच्या फ्रिस्कोला गेला, टेक्सास लेजंड्स या नावाने. एनबीए ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवडला गेलेला पहिला भारतीय, पंजाबचा सतनाम सिंग, 2015 पासून दोन हंगाम याच लेजंड्सकडून खेळला. डॅलसच्या त्या उत्तरेकडच्या उपनगरांत मराठी घरं भरपूर आहेत, त्यांच्यातल्या अनेकांनी जी लीग पहिल्यांदा पाहिली ती सतनाममुळे. ब्रूमफील्डचा अरीना मात्र 2023 च्या अखेरीस बंद झाला आणि पाडायचा ठरला. तो पर्याय संपला.

लव्हलँड उत्तरेला 80 किलोमीटरवर. अरीना चांगला आहे, हॉकीसाठी पाच हजारांवर जागा. पण 2003 मध्ये इमारत उघडली तेव्हापासून तिथे कोलोरॅडो ईगल्स हा हॉकी संघ आहे, आणि तो गावाचा जीव आहे. त्यांच्या घरच्या सामन्यांच्या उरलेल्या तारखांवर बास्केटबॉल जगवायचं म्हणजे ग्रँड रॅपिड्सचीच स्थिती, कारण तिथल्या व्हॅन अँडेल अरीनातही ग्रिफिन्स हा हॉकी संघ 1996 पासून पहिला भाडेकरू आहे. एक दुसरेपण सोडून दुसऱ्या दुसरेपणात जायचं कशाला? लव्हलँडला माझा नकार आहे.

कोलोरॅडो स्प्रिंग्ज दक्षिणेला 110 किलोमीटर. पावणेपाच लाखांवर वस्ती, लष्करी तळ, हवाई दलाची अकादमी, ऑलिंपिक प्रशिक्षण केंद्र, आणि व्यावसायिक बास्केटबॉल अजिबात नाही. इथला वर्ल्ड अरीना आठ हजारांचा. 2021 मध्ये कोलोरॅडो कॉलेजचा हॉकी संघ तिथून आपल्या आवारातल्या नव्या अरीनात गेला, त्यामुळे हिवाळ्यातले शुक्रवार-शनिवार मोकळे झाले. माझ्यासारख्या माणसाला ही बातमी सोन्यासारखी. आठ हजार जागा जी लीगसाठी फार आहेत, पण वरचा मजला पडदे लावून बंद करता येतो. खरी अडचण रस्त्याची. मधे मॉन्युमेंट हिल हा सुमारे 2240 मीटर उंचीचा टप्पा आहे आणि बर्फवादळात तो भाग बंदच पडतो. कॅसल रॉक ते मॉन्युमेंट हा अरुंद पट्टा 2022 पर्यंत रुंद झाला, त्याने रोजची कोंडी कमी झाली. वादळ त्याने थांबत नाही.

डेन्व्हर शहरात जुनं कोलिझियम आहे, बॉल अरीनापासून जवळ, पण जानेवारीत ते गुरांच्या प्रदर्शनाला आणि रोडिओला जातं, आणि जानेवारी म्हणजे जी लीगचा ऐन हंगाम.

एक गोष्ट या सगळ्या चर्चेत गृहीत धरली जाते, की संघ जिथे खेळतो तिथेच राहतो. तसं असायलाच हवं असं नाही. दुय्यम संघाचे घरचे सामने चोवीस-पंचवीस. हंगामातले बाकी दिवस प्रवासाचे आणि सरावाचे. तेव्हा वस्ती आणि सराव डेन्व्हरला, सामने स्प्रिंग्जला, अशी विभागणी करावी हे माझं स्पष्ट मत आहे. नगेट्सचं सरावाचं कोर्ट वर्षानुवर्षं बॉल अरीनाच्या इमारतीतच आहे. मुख्य संघाचे 41 सामने बाहेरगावी होतात, त्या काळात ते कोर्ट रिकामंच असतं. संघ घरी असेल तेव्हा दुय्यम संघाने दुपारची वेळ घ्यावी. डॉक्टर तेच, फिजिओ तेच, आहार तोच, आणि टू-वे खेळाडूला घर एकच. बाकीच्या, चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलरवर हंगाम काढणाऱ्या मुलांना दोन शहरांत सामान हलवत बसावं लागू नये, हा माझ्या दृष्टीने छोटा मुद्दा नाही. प्रवासही सुधारतो. हे संघ सामान्य प्रवासी विमानांनीच जातात, बहुधा पहाटेच्या. डेन्व्हरहून जवळपास सगळीकडे थेट विमान आहे. छोट्या शहरातला संघ तोच प्रवास विमान बदलून करतो आणि त्याच संध्याकाळी खेळतो. तिसऱ्या सत्रात ते पायांत दिसतं.

पाच-सात वर्षांत मात्र डेन्व्हरच्या परिसरात तीन-साडेतीन हजारांचा छोटा, बर्फ नसलेला हॉल बांधायलाच हवा. वॉशिंग्टनने 2018 मध्ये 4200 जागांच्या एकाच इमारतीत मुख्य संघाचा सराव, महिलांचा मिस्टिक्स संघ आणि दुय्यम गो-गो असं सगळं आणलं. अटलांटाचा संघ विमानतळाशेजारी कॉलेज पार्क या लहान गावाने बांधलेल्या हॉलमध्ये 2019 पासून खेळतो. सांताक्रूझचा अडीच हजारांचा अरीना तर काही महिन्यांत उभा केला होता. लेकर्ससारखं सरावाच्याच कोर्टाभोवती थोड्या खुर्च्या टाकून खेळणं मला पसंत नाही. मुलांना आवाज ऐकायची सवय हवी. भरलेल्या हॉलमध्ये शेवटच्या मिनिटाला फ्री थ्रो टाकायचा सराव रिकाम्या हॉलमध्ये होत नाही. प्रेक्षकांचा मुद्दा मी तिसरा म्हटला तो याच अर्थाने: गल्ल्यासाठी नाही, खेळाडूसाठी.

राहता राहिलं ग्रँड रॅपिड्स. 2021 मध्ये डेट्रॉइट गेलं तेव्हा त्या गावाला लगेच नगेट्स मिळाले, कारण तेव्हा संलग्न संघ नसलेले मुख्य संघ शिल्लक होते. आता एकही नाही. नगेट्स निघाले तर त्या गावाचा संघ सरळ बंद पडेल, आणि तिथल्या लोकांनी लावलेल्या जिवाकडे पाहता ते फार अन्यायाचं होईल. ते टाळायच्या दोन वाटा दिसतात. सिएटल आणि लास व्हेगासला एनबीएचे नवे संघ द्यायचं बोललं जातंय, त्यांना पहिली काही वर्षं तयार दुय्यम संघ लागेल. दुसरी वाट मेक्सिको सिटीच्या कॅपिटानेसची, जो संघ कुठल्याही मुख्य संघाशिवाय या लीगमध्ये खेळतो. दोन्हींना लीगची परवानगी आणि वेळ लागेल. म्हणून स्प्रिंग्जच्या अरीनाकडे तारखा मागण्याआधी नगेट्सनी ग्रँड रॅपिड्सच्या मालकांना बोलावून समोरासमोर बसावं.